नवा लॅपटॉप, संपत आलेला ट्रायल आणि अँटीव्हायरसचा प्रश्न

पत्र: महिन्यापूर्वी नवा लॅपटॉप घेतला. विंडोज ११ होम आहे, रॅम ८ जीबी. त्यात एका कंपनीचा अँटीव्हायरस आधीपासूनच होता, ३० दिवसांचा ट्रायल. मुदत संपत आल्यामुळे आता तो रोज पैसे भरायला सांगतो. मी घरून हिशेबाची कामं करते. लोक पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर फायली पाठवतात, बँकेचे व्यवहारही याच लॅपटॉपवर होतात. संध्याकाळी मुलगा त्यावर गेम खेळतो. मैत्रीण म्हणते एखादा फुकटचा अँटीव्हायरस टाक, भाऊ म्हणतो ‘टोटल सिक्युरिटी’च घे. त्यात भर म्हणजे चार दिवसांपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा’ असे संदेश येत आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

उत्तर: आधी तुमच्या शेवटच्या तक्रारीकडे वळू, कारण घाई तिथेच आहे. कोपऱ्यातले ते संदेश बहुधा अँटीव्हायरसचे नाहीत. संदेशाच्या चौकटीत बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसतो का, ते बघा. दिसत असेल तर कुठल्यातरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असं विचारलं होतं आणि कुणीतरी ‘अलाऊ’ दाबलं होतं. गेमच्या आणि फुकट सिनेमांच्या साइट हे हमखास विचारतात. अशा संदेशावर क्लिक करू नका, त्यात दिलेल्या नंबरवर फोनही करू नका. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. त्यातली अनोळखी नावं काढून टाका आणि वरचा पर्याय ‘साइटना विचारू देऊ नका’ असा ठेवा. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन्स’ टाइप केलं की तीच यादी मिळते. एवढ्याने संदेश थांबले, तर ते व्हायरसचे इशारे नव्हते, ती नुसती जाहिरात होती.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या वापरासाठी आमचं मत स्पष्ट आहे: सध्या काही विकत घेऊ नका. ट्रायल पूर्ण काढून टाका आणि विंडोजमध्ये मुळातच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नीट चालू करा. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही आणि त्याची अपडेट विंडोजबरोबर येतात. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा अँटीव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेगावरचा परिणाम आणि वापरातली सोय अशा तीन बाबींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे विकतच्या नावाजलेल्या उत्पादनांच्या बरोबरीने उभा असतो.

त्याच्या दोन उणिवाही माहीत असू द्या. एक, फाइल धोकादायक आहे की नाही याचा बराचसा निर्णय तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या संगणकांना, विचारून घेतो, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली होते. तुमच्याकडे लोकांचे पेन ड्राइव्ह येतात, म्हणून हे महत्त्वाचं. पेन ड्राइव्ह लावताना नेट चालू ठेवा आणि फाइल उघडण्याआधी ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडा. दुसरी उणीव अशी, की फसव्या साइट अडवणारं स्मार्टस्क्रीन मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करतं. क्रोम वापरत असाल तर त्याच्या सेफ ब्राउझिंगमध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा. त्यात तुम्ही उघडलेल्या पानांची थोडी जास्त माहिती गूगलकडे जाते. बँकेचे व्यवहार करणाऱ्यासाठी हा सौदा आम्हाला पटतो.

ट्रायल काढताना

मुदत संपली की तो आपोआप जाईल, असं समजू नका. लोक इथेच फसतात. विंडोजमध्ये दुसरा अँटीव्हायरस असेल तर डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. मुदत संपलेला ट्रायल यंत्रात तसाच पडून राहिला, तर जुन्याची अपडेट बंद आणि डिफेंडर अजून जागा झालेला नाही, अशी अवस्था येऊ शकते. म्हणून तो हाताने काढायचा.

ट्रायल सुरू करताना कार्ड दिलं असेल, तर आधी त्या कंपनीच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्युअल बंद करा. सॉफ्टवेअर काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जा. त्या कंपनीच्या नावाच्या एकापेक्षा जास्त नोंदी असू शकतात: मुख्य अँटीव्हायरस, ब्राउझरसाठीचा सल्लागार, व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक आडवाटेने, झाकून नेणारी सेवा). प्रत्येकीपुढचे तीन ठिपके दाबून अनइन्स्टॉल करा. ब्राउझरमधलं त्यांचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, वेगळं काढावं लागतं. यानंतर लॅपटॉप ‘शटडाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या लॅपटॉपवर शटडाउन केलं तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो आणि अर्धवट निघालेले ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्याशी जोडून चालणारे छोटे प्रोग्राम) तसेच राहतात.

एवढं करूनही काही अवशेष उरले, तर कंपन्यांची स्वतःची सफाईची साधनं असतात. मॅकॅफीचं एमसीपीआर आहे, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रिइन्स्टॉल टूल आहे. ती फक्त त्या कंपनीच्याच साइटवरून उतरवा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून तर मुळीच नको.

मग स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून ते उघडा. खाली डाव्या कोपऱ्यातल्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे. तिथे अँटीव्हायरस म्हणून फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं नाव आणि तो चालू असल्याची नोंद दिसली पाहिजे. ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये जाऊन ताजी अपडेट घ्या. चार्जर लावून एकदा पूर्ण स्कॅन करा. तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पुढे रोजच्यासाठी क्विक स्कॅन पुरतं आणि ते विंडोज आपणहून करतं.

मैत्रिणीचा सल्ला ऐकून आणखी एक टाकला तर काय बिघडतं? डिफेंडर बहुधा बाजूला होतो, पण कुठलेही दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू राहिले तर अडचण होते. तुम्ही एखादी फाइल उघडली की अँटीव्हायरसचा ड्रायव्हर मध्ये येऊन ती तपासतो, मग पुढे सोडतो. असे दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की प्रत्येक फाइलची दोनदा झडती होते. एकाने कोठडीत टाकलेली फाइल दुसरा पुन्हा उकरतो. ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ते लगेच जाणवतं. शिवाय ही सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्याशी काम करतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. सुरक्षा सॉफ्टवेअर चुकलं तर यंत्र सुरूच होत नाही, म्हणून गाभ्याशी पोचणारी जितकी कमी तितकं बरं. दुसऱ्या वैद्याचं मत हवंच असेल, तर मागाल तेव्हाच तपासणारं साधन वापरा. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती सुरुवातीचा ट्रायल संपल्यावर अशीच चालते. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर आहे, तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो. पुन्हा लागला तर ताजा घ्यायचा.

डिफेंडरमधल्या न दाबलेल्या कळा

डिफेंडर आपोआप चालू असतो, पण त्याच्या सगळ्या सोयी चालू असतातच असं नाही. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे तिन्ही चालू आहेत ना, ते बघा. तिसऱ्यामुळे कुठलाही प्रोग्राम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही. त्याच पानाच्या तळाशी ‘एक्स्क्लुजन्स’ आहे. नव्या लॅपटॉपवर ती यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादा फोल्डर दिसला तर डिफेंडर त्या फोल्डरकडे बघतच नाही. असा फोल्डर कुणी आणि का घातला, हे आधी शोधा.

‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधल्या रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ आहे. त्यातल्या दोन्ही चौकोनांत खूण करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर चोरपावलाने येणारे टूलबार आणि ‘क्लीनर’ यात अडतात. ‘डिव्हाइस सिक्युरिटी’त कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवा, ती विंडोजच्या गाभ्यात घातक ड्रायव्हर शिरण्यापासून अडवते. एखाद्या जुन्या प्रिंटरच्या किंवा डाँगलच्या ड्रायव्हरमुळे ते चालू होत नसेल तर विंडोज त्या ड्रायव्हरचं नाव दाखवतं. आधी त्याची नवी आवृत्ती शोधा.

तुमच्या कामासाठी सगळ्यात मोलाची सोय मात्र मुळात बंद असते. तिचं नाव ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आणि ती रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये सापडते. रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. ही सोय चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला काही लिहिता किंवा बदलता येत नाही. तुमचा हिशेबाचा डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये तो जोडा.

सुरुवातीचे आठ दिवस याचा थोडा जाच होईल. हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणेल, मुलाचा गेम प्रगती साठवणार नाही, आणि त्या प्रोग्रामच्या संदेशात खरं कारण बहुधा लिहिलेलं नसेल. अशा वेळी ‘अलाऊ ॲन ॲप’ मध्ये जाऊन ‘रीसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’ बघा. अडलेल्या प्रोग्रामचं नाव तिथे असतं. ओळखीचं असेल तर जोडून टाका. बरेच जण या टप्प्यावर वैतागून अख्खी सोयच बंद करतात. तसं करू नका, दोन-तीन प्रोग्रामना परवानगी दिली की त्रास संपतो. दुसरा अँटीव्हायरस घेतलात तर मात्र ही सोय चालत नाही, कारण ती डिफेंडरवरच उभी आहे.

विकतचं कधी घ्यावं

घरातले पाच-सहा फोन आणि लॅपटॉप एकाच ठिकाणाहून सांभाळायचे आहेत, मुलांच्या वापरावर वेळेचं आणि साइटचं बारीक नियंत्रण हवं आहे, किंवा अडचणीत फोनवर बोलणारा माणूस हवा आहे, अशा वेळी पैसे देण्यात अर्थ आहे. तसं असेल तर निवड अशी करा. वर सांगितलेल्या दोन प्रयोगशाळांचे लागोपाठ तीन-चार निकाल बघा, एकाच फेरीतल्या पहिल्या नंबराला भुलू नका. संरक्षणाच्या आकड्याइतकाच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’चा आकडा वाचा, म्हणजे निरुपद्रवी फायली किती वेळा चुकून अडवल्या. हिशेबाची सॉफ्टवेअर कमी लोक वापरत असल्याने अशा खोट्या धोक्यात ती हमखास सापडतात आणि नेमक्या महिनाअखेरीला काम ठप्प होतं. परफॉर्मन्स चाचणीत फायली कॉपी करणं आणि प्रोग्राम उघडणं किती मंदावतं ते दिसतं. ८ जीबीवाल्याने ते वगळू नये. किंमत बघताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवा आणि नूतनीकरणाची रक्कम शोधा. ती बारीक अक्षरांत असते आणि बऱ्याचदा बरीच जास्त असते.

‘टोटल सिक्युरिटी’च्या खोक्यात अँटीव्हायरसशिवाय जे भरलेलं असतं, त्यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. व्हीपीएनला अनेकदा डेटाची मर्यादा असते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारा आणि ड्रायव्हर अपडेट करणारा प्रोग्राम नव्या लॅपटॉपला काहीही देत नाही, उलट चुकीचा ड्रायव्हर बसवून वाय-फाय बंद पाडू शकतो. बँकेसाठीचा वेगळा सुरक्षित ब्राउझर बरा असतो, पण ओटीपी तुम्हीच दुसऱ्याला वाचून दाखवलात तर तो काही करू शकत नाही. काही उत्पादनं एचटीटीपीएस वाहतूक, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली कुलूपबंद देवाणघेवाण, उघडून तपासण्यासाठी स्वतःचं प्रमाणपत्र बसवतात. त्यामुळे कधी बँकेची किंवा सरकारी पोर्टलची पानं उघडत नाहीत, आणि डिजिटल सहीचं डाँगल वापरणाऱ्याला ते पटकन जाणवतं. तसं झालं तर सेटिंग्जमध्ये ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ बंद करून बघा.

फुकटच्या अँटीव्हायरसबद्दल एक नोंद हवी. फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अवास्ट या कंपनीने गोळा केलेला वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगचा डेटा तिची उपकंपनी जंपशॉट विकत असे. हे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर आधीच हाताशी असताना फुकटचं दुसरं काही टाकण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

मुलगा, मॅक्रो आणि पासवर्डवाली झिप

मुलासाठी वेगळं खातं काढा आणि ते ‘स्टँडर्ड यूजर’ ठेवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे खातं जोडता येतं. काही बसवायचं झालं की विंडोज तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन मागेल. तो त्याला सांगू नका, तुम्ही स्वतः टाका. तुमचे ब्राउझरमधले पासवर्ड आणि बँकेच्या कुकीजही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) त्याच्या खात्यापासून वेगळ्या राहतात. या एका गोष्टीचा उपयोग आमच्या मते कुठल्याही पेटीबंद सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आहे.

त्याला दोन सापळे समजावून सांगा, रागावून नाही, दाखवून. गेमचे चीट आणि क्रॅक बहुतेकदा झिप फाइलमध्ये येतात आणि शेजारीच तिचा पासवर्ड लिहिलेला असतो. तो पासवर्ड अँटीव्हायरसला चकवण्यासाठी असतो, कारण कुलूपबंद झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही. सोबत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असेल तर तिथेच थांबायचं. आत बहुधा इन्फोस्टीलर असतो. तो काही सेकंदांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलून निघून जातो. चोरलेल्या कुकीने खातं आधीच उघडलेलं मिळतं, त्यामुळे ओटीपी विचारलाच जात नाही. दुसरा सापळा अलीकडचा: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणणारं पान विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायला, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर करायला सांगतं. पानाने आधीच क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे) एक घातक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातून चालते. खरं कॅप्चा कधीही कीबोर्डवरून प्रोग्राम चालवायला सांगत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या फायलींसाठी फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. मग ‘बिल.पीडीएफ’ वाटणाऱ्या फायलीच्या शेवटी खरं ‘.ईएक्सई’ दिसतं. ईमेलने आलेल्या एक्सेल फायलीतले मॅक्रो, म्हणजे फायलीत दडलेले छोटे प्रोग्राम, २०२२ पासून ऑफिस मूळ सेटिंगमध्येच अडवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. पाठवणाऱ्याने ‘अनब्लॉक करून उघडा’ असं लिहिलं असेल तर त्याला फोन करून विचारा, ईमेलला उत्तर देऊन नव्हे.

विंडोज अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा ज्या भेगेतून ते शिरलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. महिन्याची मोठी सुरक्षा अपडेट अमेरिकी वेळेनुसार दुसऱ्या मंगळवारी येतात. त्या आठवड्यात एकदा ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि रात्री झोपताना रीस्टार्ट करा.

हिशेबाच्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद करतं. आठवड्यातून एकदा पुरे, महिनाअखेरीला रोज. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही बघा.

आणखी एक गोष्ट आजच करा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, बऱ्याचदा आपोआप चालू होतं. चोरीच्या वेळी ते कामी येतं, पण बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसेसच्या पानावर ती असते. कागदावर उतरवा आणि लॅपटॉपची बॅग सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा.

इतकं करूनही कधी शंका आली, ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललं किंवा डिफेंडर बंद दिसला आणि चालूच होईना, तर पहिल्यांदा वाय-फाय बंद करा. स्कॅन ऑप्शन्समध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात, त्यामुळे उघडी कामं आधी सेव्ह करा. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो. दरम्यान ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. संशयित लॅपटॉपवरून बदललात तर नवा पासवर्डही चोराकडेच जाईल. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करायला विसरू नका, नाहीतर चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते.